दुमजली बसचे दिवस

शुक्रवार, १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या अंधेरी पूर्व भागात, आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर, एक लाल बस फुलांच्या माळा आणि फुगे लेवून धावली. बेस्ट उपक्रमाची जुन्या धाटणीची, डिझेलवर चालणारी ती शेवटची दुमजली प्रवासी गाडी होती. १९३७ साली सुरू झालेली सेवा ८६ वर्षांनंतर त्या दिवशी थांबली. पुढे तीन आठवड्यांनी, ५ ऑक्टोबर रोजी, पर्यटकांसाठी चालविल्या जाणाऱ्या उघड्या छताच्या दुमजली गाड्याही बंद झाल्या. पहिली बातमी आली त्या आठवड्यात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरलेली होती. जत्रेच्या गर्दीत ती किती भाविकांच्या कानी पडली असेल, कोण जाणे.

कळंबसारख्या ठिकाणी राहणाऱ्या धर्मगुरूने मुंबईच्या बसगाडीवर का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. वसईकर वाचकांना तर कळंब म्हटले की नालासोपाऱ्याचा समुद्रकिनारा आठवेल. हे कळंब ते नव्हे. हे यवतमाळ जिल्ह्यातील, चिंतामणीच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव. नागपूरहून वर्ध्यावरून यवतमाळकडे जाणारा रस्ता येथून जातो आणि त्या रस्त्याने एस. टी. धावते. एकमजलीच. दुमजली गाडी या भागातील पुष्कळांनी केवळ चित्रपटात पाहिली. तरीही हा विषय आम्हांला येथेच बसून लिहावासा वाटला. कारण जुनी गाडी हातची जाऊ देणे म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्याइतके थोड्याच जिल्ह्यांना ठाऊक आहे. त्याविषयी पुढे येईलच. आधी बसची हकीकत.

मुंबईत सार्वजनिक वाहन प्रथम धावले ते घोड्यांच्या बळावर. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी ट्राम रस्त्यावर आली. ‘बेस्ट’ या नावातील शेवटचे अक्षर मुळात ट्रामचे होते, हे आज फार थोड्यांना माहीत असते. १९४७ साली महानगरपालिकेने कंपनी ताब्यात घेतल्यावर त्याच अक्षराचा अर्थ ‘ट्रान्सपोर्ट’ असा झाला. ट्राम बंद होण्याच्या सतरा वर्षे आधीच ती नावातून उतरली होती, असे म्हणायला हरकत नाही.

दुमजलीची कल्पनाही बसच्या आधी ट्रामनेच आणली. १९२० साली मुंबईत दुमजली ट्राम सुरू झाल्या. प्रवासी वाढत होते, परंतु त्याच रुळांवर आणखी गाड्या सोडायच्या तर एकीमागे एक रांग लागे. मग गाडीची लांबी न वाढवता उंची वाढविणे हाच उपाय उरला. कल्पना साधी असली तरी पुढील शंभर वर्षांचा इतिहास तिच्यावर उभा आहे.

पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. लोकांनी तिचे स्वागत केले. त्या वर्षअखेरपर्यंत सहा लाख लोकांनी बसने प्रवास केला आणि पुढील वर्षी हा आकडा ३८ लाखांवर गेला. येथे थोडे विषयांतर करतो. मुंबईच्या पहिल्या बसने ज्या थांब्यावरून प्रयाण केले तो एका अँग्लिकन मंदिराच्या नावाने ओळखला जाई आणि पुढे जो मार्ग दुमजली बसचे भूषण ठरला, तो १२३ क्रमांकाचा मार्ग, कुलाब्याच्या ज्या टोकाहून निघे त्या थांब्याचे नाव ‘आर. सी. चर्च’. गाडीच्या कपाळावर ही अक्षरे घेऊन ती बस मरीन ड्राइव्हवरून ताडदेवकडे जाई. ‘आर. सी.’ म्हणजे रोमन कॅथलिक, हे तिच्यात बसणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी कितीजणांना उमगले असेल? आपल्या समाजाचे नाव शहराने इतक्या सहजतेने, काहीही न विचारता, रोज उच्चारावे याची आम्हांला नेहमीच गंमत वाटत आली आहे. असो.

१९३७ साली दुमजली बस आली. ती यशस्वी का झाली, हे समजण्यासाठी थोडे गणित केले पाहिजे. साधारण एकमजली गाडीत चाळीस-पंचेचाळीस जणांची बसण्याची सोय असे. दुमजली गाडीत पंचाहत्तरच्या आसपास माणसे बसत. रस्त्यावर दोन्ही गाड्या जवळजवळ सारखीच जागा अडवीत, चालक दोघींना एकच लागे आणि इंजिनही एकच. ज्या शहराला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, ज्याचे रस्ते रुंद करायला जागा नाही आणि जेथील माणसे सकाळी सगळी दक्षिणेकडे व संध्याकाळी सगळी उत्तरेकडे जातात, त्या शहराला यापरते सोयीचे वाहन कोणते?

एवढी उंच गाडी वळणावर कलंडत कशी नाही, हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाने विचारलेला असतो. तिचे सारे वजन खाली असते. सांगाडा, इंजिन, चाके, इंधनाची टाकी ही सर्व जड सामग्री जमिनीलगत आणि वरचा मजला मात्र पातळ पत्र्याचा, हलका. लंडनमध्ये अशा गाडीची परीक्षा घेण्याची रीत प्रसिद्ध आहे. वरच्या मजल्यावर प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची, खालचा मजला रिकामा सोडायचा आणि मग गाडी एका फळीवर २८ अंशांपर्यंत तिरपी करायची. तरीही ती कलंडता कामा नये. वरच्या मजल्यावर उभे राहून प्रवास करण्यास मनाई असे, तीही याच कारणाने. नियमाची पाटी पुष्कळांनी वाचली, परंतु तिच्यामागे तराजूचा न्याय आहे हे क्वचितच कुणी सांगितले.

आरंभीच्या गाड्या विलायतेच्या धर्तीवरच्या होत्या. चालकाची खोली इंजिनाच्या बाजूला, अर्ध्या रुंदीची आणि प्रवाशांपासून अलग. चढण्या-उतरण्याचा दरवाजा मागे. तेथूनच वर जाणारा वळणाचा जिना. १९६७ साली अशोक लेलँडने ‘टायटन’ ही दुमजली गाडी भारतात तयार केली, आणि त्यानंतर परदेशावर विसंबून राहण्याची गरज कमी झाली. त्याच सुमारास मुंबईने एक निराळाच प्रकार पाहिला. पुढे ट्रकसारखे चालकाचे डोके वेगळे आणि त्याला जोडलेला दुमजली डबा. वळण घेताना पुढचा भाग आधी वळे आणि मागचा डबा जणू विचार करून मग त्याच्यामागे जाई. चालक आपल्या खोलीत अगदी एकटा असे. मागे काय चालले आहे हे त्याला केवळ घंटीवरून कळे.

या घंटीविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण दुमजली बसचा सारा कारभार तिच्यावर चाले. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे निघा. छतालगत एक दोरी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असे. दुमजली गाडीत वाहक दोन, एक खाली आणि एक वर. खालच्या वाहकाला दरवाजा दिसे, वरच्याला जिना. जिन्यावरून शेवटचा माणूस उतरला की नाही हे वरच्याने पाहायचे, पायरीवर कोणी लोंबकळत नाही ना हे खालच्याने, आणि मग दोन टोले. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि चिमटा. रिकाम्या हाताने चिमटा वाजविण्याची प्रत्येक वाहकाची लकब वेगळी असे. चालत्या गाडीत, हलत्या जिन्यावर, दोन्ही हात गुंतलेले असताना तोल सांभाळणे ही एक कला होती आणि ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. जुन्या वाहकाच्या मागे उभे राहून नव्याने ती उचलायची.

सेमिनरीत शिकत असताना आम्हांला सुटीच्या दिवशी शहरात जाण्याची परवानगी असे. त्या काळात आम्ही या बसने पुष्कळ हिंडलो. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची, काचेजवळची जागा मिळावी म्हणून थोरामोठ्यांनाही धावताना पाहिले आहे. तेथून शहर वेगळेच दिसे. दुकानांच्या पाट्यांऐवजी त्यांच्या वरची घरे दिसत. खिडकीत वाळत घातलेली पापडांची परात, गॅलरीत दाढी करणारे गृहस्थ, वेणी घालून घेणारी मुलगी. झाडांच्या फांद्या काचेवर सपासप आपटत आणि पहिल्यांदा बसलेला माणूस हमखास मान खाली घाली. एका आण्याच्या काळी काय किंवा आमच्या काळी काय, वर बसण्यासाठी जादा पैसे पडत नसत. मोलकरीण आणि बँकेचा अधिकारी एकाच भाड्यात त्या खिडकीचे धनी होत. मुंबईसारख्या महाग शहरात समुद्राचे दर्शन घडविणारी इतकी स्वस्त खिडकी दुसरी नव्हती.

१९९० च्या सुमारास बेस्टकडे सुमारे ९०० दुमजली गाड्या होत्या. हा तिचा सर्वोच्च काळ. त्यानंतर उतार लागला आणि ज्या गणिताने तिला वर नेले होते त्यानेच तिला खाली आणले. दोन मजल्यांना दोन वाहक लागत. पगार वाढले तसे दुसऱ्या वाहकाचे वेतन डोळ्यांत खुपू लागले. इंधन अधिक लागे. माणसे चढण्या-उतरण्यास वेळ लागे, त्यामुळे फेऱ्या कमी होत. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकुरवाळ्या बायकांना जिना नकोसा वाटे, म्हणून गर्दी नसलेल्या वेळी वरचा मजला बराचसा रिकामाच फिरे. शिवाय शहराने स्वतःच आपले आभाळ खाली आणले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उड्डाणपुलांची मालिका उभी राहू लागली, २००८ च्या सुमारास रेल्वे स्थानकांबाहेर पादचाऱ्यांचे उंच मार्ग आले, पुढे मेट्रो आली. साडेचौदा फुटांच्या आसपास उंची असलेल्या गाडीला प्रत्येक नवे बांधकाम म्हणजे एक नवी अडचण. २००८ नंतर नव्या दुमजली गाड्यांची खरेदी थांबली. बेस्टच्या गाडीचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरलेले असते. तेव्हा शेवटची गाडी कधी जाणार हे २००८ सालीच ज्याला बोटांवर मोजता येत होते त्याला कळत होते. २०१९ च्या अखेरीस १२० उरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये, उघड्या छताच्या तीन धरून, सात.

या निर्णयाला आम्ही दोष देत नाही. तोट्यात चालणाऱ्या उपक्रमाने आठवणींखातर दोन वाहकांचा खर्च सोसावा, असे म्हणणे सोपे आहे. तो सोसायचा असतो तो थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाने. बसने जाणाऱ्याला बस वेळेवर आणि परवडेल अशी हवी असते, जुनी नव्हे. परंतु गाडी सेवेतून काढणे हा एक निर्णय आहे आणि ती भंगारात जाऊ देणे हा दुसरा. पहिला घेतला की दुसरा आपोआप झाला असे समजण्याची आपल्याला सवय जडली आहे, आणि आमची तक्रार या सवयीविषयी आहे. पंधरा वर्षे आधी तारीख ठाऊक असूनही जतनाची हाक उठली ती निरोपाच्या आठवड्यात. किमान दोन गाड्या वस्तुसंग्रहालयात ठेवाव्यात, अशी मागणी प्रवासी संघटनांनी तेव्हा केली. ती रास्त होती. पण १९३७ सालच्या गाडीसाठी, अर्ध्या खोलीच्या चालकाच्या गाडीसाठी, वेगळ्या डोक्याच्या त्या चमत्कारिक गाडीसाठी अशी मागणी आपण करायला हवी होती त्या त्या वेळी. शेवटची गाडी ही सर्वांत जुनी नसते. ती सर्वांत नवी असते, हे भावनेच्या भरात विसरले जाते. २००८ च्या आसपासची गाडी जतन करून १९३७ चा इतिहास जतन होत नाही.

मुंबईला हा धडा आधी एकदा मिळालेला होता. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. ती खच्चून भरलेली होती आणि दुतर्फा लोक निरोप द्यायला उभे होते. एवढे प्रेम केलेली ती ट्राम; पण पुढे शहराला आपल्या मुलांना एखादी ट्राम दाखवावीशी वाटली तेव्हा ती कोलकात्याहून आणावी लागली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या भाटिया बागेत तो डबा उभा केला आहे. ज्यांनी केले त्यांचे आम्ही कौतुकच करतो. तरीही आपल्या आजीचे छायाचित्र घरात नाही म्हणून शेजाऱ्यांच्या आजीचे लावावे, तसे ते वाटते. मुंबईच्या स्वतःच्या ट्रामच्या खुणा निराळ्याच ठिकाणी राहिल्या. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखालून जुने रूळ वर आले. आणि दादरला ‘टी. टी.’ हे नाव अजून चालते. ते ‘ट्राम टर्मिनस’चे संक्षिप्त रूप आहे. ट्राम पाहिली नाही अशा दोन पिढ्या ते रोज उच्चारतात.

बेस्टने काहीच केले नाही असेही नाही. १९८४ मध्ये एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने बेस्टचे वाहतूक संग्रहालय सुरू झाले आणि १९९३ पासून ते आणिक आगारात आहे. घोड्याच्या ट्रामपासून पुढच्या सर्व वाहनांच्या लहान प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटांची यंत्रे, थांब्यांच्या पाट्या असा ऐवज तेथे आहे. मुंबईतील फार थोड्यांनी ते पाहिले असेल. सहलीला मुलांना नेण्यासारखी ती जागा आहे. मात्र प्रतिकृती आणि गाडी यांत जो फरक आहे तो तेथेच प्रकर्षाने जाणवतो. प्रतिकृतीत जिना दिसतो, पण जिन्यावर पाय ठेवल्यावर होणारा आवाज नसतो. वर गेल्यावर डोके किती वाकवावे लागते ते कळत नाही.

जतन म्हणजे काय, याचा एक वस्तुपाठ लंडनने दिला आहे. तेथील ‘रूटमास्टर’ ही दुमजली बस १९५६ साली सेवेत आली. एकूण २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या आणि नियमित सेवेतून ती ९ डिसेंबर २००५ रोजी निवृत्त झाली. आज त्यांतील हजाराहून अधिक गाड्या अस्तित्वात आहेत. हे केवळ सरकारने किंवा संग्रहालयाने केले नाही. सेवेतून निघालेल्या गाड्या विकत घेणारी सामान्य माणसे होती. कुणी मोटार दुरुस्त करणारा, कुणी शिक्षक, कुणी चार-पाच मित्र मिळून. ते एकमेकांना सुटे भाग देतात, जुने आराखडे सांभाळतात, लग्नाच्या वरातींना गाडी भाड्याने देऊन तिचा खर्च भागवितात. ती गाडी मुळात सोडवता-जोडवता येईल अशी बांधलेली होती, हाही भाग महत्त्वाचा. एका गाडीचा भाग दुसरीला बसे. म्हणून ती जगली.

आपल्याकडे हे जड का जाते, याचाही विचार केला पाहिजे. एवढी उंच गाडी ठेवायची तर पंधरा-सोळा फूट उंचीची छपरी हवी. आपला पावसाळा चार महिन्यांचा आणि मुंबईची हवा खारट. पत्रा आतून कुजतो, रबर चिरते, उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून बिघडतात, ब्रेक धरून बसतात. गाडी उभी ठेवली की टिकते हा समज चुकीचा आहे. उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. तेव्हा चौकात चौथऱ्यावर गाडी उभी करून तिला रंग दिला की जतन झाले असे नव्हे. तिला महिन्यातून दोनदा तरी सुरू केले पाहिजे आणि सुरू करणारा माणूस जतन केला पाहिजे. जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखणारे मिस्त्री, पत्रा ठोकणारे, लाकडी बैठका बसविणारे सुतार निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले. त्यांचे कसब संग्रहालयाच्या कपाटात मावत नाही.

या दृष्टीने एक संधी हातात होती. २६ जानेवारी १९९७ पासून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने उघड्या छताची ‘नीलांबरी’ दक्षिण मुंबईतील जुन्या वास्तू दाखवीत फिरे. म्हणजे दुमजली गाडी जुनी झाल्यावरही तिला स्वतःचे पोट भरता येते, हे मुंबईने स्वतःच सिद्ध केले होते. संध्याकाळी दिव्यांनी उजळलेल्या इमारती पाहायला लोक रांगा लावीत. तीच गाडी एखाद्या फेरीसाठी, सुटीच्या दिवसापुरती, जुन्या वाहकाच्या घंटीसह चालविता आली असती. आजही एखादी गाडी हाताशी असेल तर येईल.

नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली बस १८ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईत लोकांपुढे आणण्यात आली आणि २१ फेब्रुवारी २०२३ पासून ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एन. सी. पी. ए. या मार्गावर धावू लागली. तिला दोन दरवाजे आणि दोन जिने आहेत, बैठका सुमारे ६५. धूर नाही, आवाज नाही. आजारी माणसाला ती निश्चितच सुखाची. वरच्या मजल्याची काच मात्र उघडत नाही आणि फांद्यांचा सपकारा आत येत नाही. आम्ही हे तक्रार म्हणून लिहीत नाही. १९०७ साली विजेची ट्राम पाहून घोड्यांची आठवण काढणारे असतीलच आणि त्यांनाही कुणी वेड्यात काढले असेल.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. कळंबहून जवळच असलेल्या यवतमाळला मूर्तिजापूरशी जोडणारी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे ब्रिटिश काळात, वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी, किलिक-निक्सन कंपनीच्या व्यवस्थेत बांधली गेली. तिला सारा विदर्भ ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ मध्ये तिच्या सेवेत आले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेईपर्यंत ते राबले. सत्तर वर्षांहून अधिक. मुंबईच्या कोणत्याही दुमजली गाडीच्या वाट्याला एवढे आयुष्य आले नाही. ते इंजिन गेले तेव्हा गाडी तरी राहिली म्हणून लोकांनी समाधान मानले. अलीकडच्या वर्षांत गाडीही थांबली. अडीच फुटांच्या रुळांवर आता गवत वाढते आणि ते रूळ राखावेत की उखडून रुंद मार्ग टाकावा याची चर्चा गावोगाव होते. शकुंतलेतून लग्नाची वऱ्हाडे नेलेली माणसे अजून आमच्या ओळखीत आहेत. गार्ड हातातला कंदील कसा हलवीत असे, चढावर इंजिन कसे दमत असे, हे ती नक्कल करून दाखवितात. ही माणसे आहेत तोवरच विचारून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कळंबला मात्र २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, वर्धा ते कळंब हा रुंद मार्ग खुला झाला तेव्हा, प्रथमच रेल्वे आली. स्थानक नवे कोरे आहे. तेथे गाडी पाहायला येणाऱ्या मुलांना आम्ही शकुंतलेविषयी विचारले तर पुष्कळांना ते एका मुलीचे नाव वाटले.

जाता जाता वाचकांना एक विनंती. या त्रैमासिकाच्या कुटुंबांत बेस्टमध्ये चालक, वाहक, तिकीट तपासनीस किंवा आगारात मिस्त्री म्हणून सेवा केलेली मंडळी असतील. तसेच शकुंतलेवर काम केलेल्यांची मुले-नातवंडे विदर्भातील आपल्या पॅरिशांत असतील. त्यांच्या घरी बिल्ला, चिमटा, तिकिटांची पेटी, नेमणुकीचे पत्र, गाडीसमोर काढलेले एखादे छायाचित्र जपलेले असेल, तर घर रंगविताना ते फेकू नये. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, साल आणि मार्गाचा क्रमांक लिहून ठेवावा. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उतरते. ज्यांनी दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर वाहक म्हणून काम केले आहे त्यांच्याकडून घंटीची खूण, जिन्यावरची चाल, गर्दीतला हिशेब, सारे नातवंडांनी वहीत उतरवून घ्यावे. हस्ताक्षर कसेही असो. अशा वह्या आमच्याकडे पाठविल्यास आम्ही त्यांची प्रत करून मूळ वही परत पाठवू.